एड वुडचा ‘जेल बेट’ : चेहरा बदलतो, गिटार बदलत नाही

पडदानशीन

एड वुड म्हणजे फक्त दोरीवर लोंबणाऱ्या उडत्या तबकड्या आणि रबरी ऑक्टोपस, असं मागच्या धाग्यावर कुणीतरी ठणकावून सांगितलं होतं. तो अन्याय दूर करायला हा धागा. या गृहस्थाने १९५४ साली एक अस्सल गुन्हेपट काढला आहे. पोलीस, पिस्तूल, दरोडा, खून, बदला, सगळं आहे. नाव ‘जेल बेट’. पुढे शेवटासकट सगळं फोडलेलं आहे. सत्तर वर्षांत बघायचा राहिला असेल तर आता रहस्यभंगाची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

वुड ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जन्म १९२४, मृत्यू १९७८. मेल्यावर दोन वर्षांनी मेदवेद बंधूंनी ‘गोल्डन टर्की अवॉर्ड्स’ या पुस्तकात त्याला आजवरचा सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवलं आणि गडी अमर झाला. १९९४ ला टिम बर्टनने त्याच्यावर सिनेमा काढला. जॉनी डेप वुड झाला आणि जुन्या ‘ड्रॅक्युला’तला नट बेला लुगोसी म्हातारपणीचा साकारणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. म्हणजे वुडच्या सिनेमांना जे कधी मिळणार नव्हतं ते त्याच्यावरच्या सिनेमाला मिळालं. असो.

तर कथा. डॉ. बोरिस ग्रेगर हे नामांकित प्लास्टिक सर्जन. त्यांचं चिरंजीव डॉन, वाया गेलेलं. व्हिक ब्रेडी नावाच्या गुंडाच्या नादी लागलेलं. पहिल्याच प्रसंगात डॉन विनापरवाना पिस्तुलासह चौकीत बसलाय आणि बहीण मॅरिलिन त्याचा जामीन भरायला आली आहे. इन्स्पेक्टर जॉन्स त्याला दम भरतो की पिस्तूल बाळगणं धोक्याचं काम असतं. डॉन म्हणतो, गगनचुंबी इमारत बांधणंही धोक्याचंच असतं.

आता बोला! मी तिथे थांबवून पुन्हा ऐकलं. या उत्तरात नक्की काय आहे? उर्मटपणा? तत्त्वज्ञान? बांधकाम मजुरांबद्दल सहानुभूती? इन्स्पेक्टरलाही काही सुचत नाही. सिनेमाभर संवाद असेच आहेत. समोरचा काय बोलला याच्याशी त्यांचं दूरचं नातं असतं, पण बोलणाऱ्याचा चेहरा मात्र शेक्सपियर म्हटल्यासारखा गंभीर.

घरी आल्यावर डॉन दिवाणखान्यातल्या पुस्तकांतून एक जाडजूड ग्रंथ काढतो. ग्रंथ आतून पोकळ, आत दुसरं पिस्तूल. घरात पुस्तकं असावीत ती यासाठी. मग डॉक्टरसाहेब दमूनभागून येतात आणि लेकीला सांगतात की प्लास्टिक सर्जरी कधीकधी त्यांना फार, फार गुंतागुंतीची वाटते. शहरातला सर्वोत्तम सर्जन, आयुष्यभराच्या अनुभवाचं सार हे.

आता गिटारकडे येतो. या सिनेमाला पार्श्वसंगीत म्हणजे एक स्पॅनिश गिटार आणि तिच्यावर मधूनमधून आदळणारा पियानो. गाडी चालली, गिटार. बाप लेकीशी बोलतोय, गिटार. प्रेत सापडलं, गिटार. वादक शेजारच्या खोलीत बसलाय, त्याला पडद्यावर काय चाललंय ते कुणी सांगितलेलं नाही, आणि थांब म्हणायला सगळे लाजतायत. खरं कारण वेगळंच आहे. हे संगीत या सिनेमासाठी केलेलंच नव्हतं. १९५३ च्या ‘मेसा ऑफ लॉस्ट विमेन’ या वाळवंट, वेडा शास्त्रज्ञ आणि महाकाय कोळी असलेल्या भीतिपटाचं संगीत उचलून इथे चिकटवलंय. तिथेही ते शोभत नव्हतं हा भाग अलाहिदा. संगीतकार हॉइट कर्टिन. हाच माणूस पुढे हॅना-बार्बेराकडे गेला आणि ‘फ्लिंटस्टोन्स’, ‘जेटसन्स’, ‘जॉनी क्वेस्ट’ला संगीत दिलं. म्हणजे कार्टून नेटवर्कवर वाढलेल्या आपल्या पिढीने याची कामं बालपणापासून ऐकली आहेत. त्याच्यात गुण होता हो. गुन्हा चिकटवणाऱ्याचा.

पुढे स्टीव्ह रीव्हज. होय, तोच, १९५८ चा ‘हर्क्युलिस’. नावानिशी झळकलेली त्याची ही पहिली भूमिका, आणि ती कसली, तर इन्स्पेक्टरच्या हाताखालचा अधिकारी. १९५० चा मिस्टर युनिव्हर्स हाताशी असताना त्याला कोटात कोंबून ठेवायचं वुडच्या जिवावर आलं असावं. त्यामुळे एका प्रसंगात साहेब चौकीतच उघडेबंब आहेत आणि तपासाबद्दल चर्चा करत सदरा चढवतात. कथेला गरज शून्य. एक मात्र आहे. ‘हर्क्युलिस’मध्ये त्याला दुसऱ्याचा आवाज दिलाय. इथे त्याचा स्वतःचा ऐकायला मिळतो.

दरोडा मॉन्टेरे थिएटरवर. डॉन रखवालदाराला, म्हणजे एका निवृत्त पोलिसाला, गोळी घालतो. व्हिक तिथे काम करणाऱ्या मिस विलिसवर गोळी झाडतो. ती मेली असं समजून दोघे पळतात. डॉनचं मन खातं, बापाकडे कबुली देतो, पोलिसांत हजर व्हायचं ठरवतो. व्हिक त्याला उचलतो आणि संपवतो. पण आता पोलीस व्हिकच्या मागावर. म्हणून त्याला अफाट कल्पना सुचते. चेहराच बदलून घ्यायचा. आणि सर्जन कोण बोलवायचा? ज्याच्या मुलाला आत्ताच मारलं, तोच. ‘तुझा मुलगा माझ्या ताब्यात आहे, ये आणि शस्त्रक्रिया कर.’ मुलाचं प्रेत शेजारच्याच खोलीत.

शस्त्रक्रिया दिवाणखान्यातल्या कोचावर होते. निर्जंतुकीकरण वगैरे लाड नाहीत. मध्येच डॉक्टरांना स्वयंपाकघरात पोराचं प्रेत दिसतं. ते काही बोलत नाहीत. परत येतात. काम पुरं करतात.

काही दिवसांनी डॉक्टरांच्या घरी पट्ट्या सोडायचा समारंभ. पोलीस हजर. एकेक वेढा सुटतो आणि खालून निघतो डॉनचा चेहरा. बापाने खुन्याला मेलेल्या मुलाचं रूप दिलंय, त्या मुलाच्या नावावर रखवालदाराचा खून आहे, आणि सगळ्या जगाच्या दृष्टीने आता हाच डॉन. व्हिक पळतो, गोळ्या खातो, पोहण्याच्या तलावात पडतो. समाप्त.

आता हसून झालं असेल तर एक सांगा. ही कल्पना वाईट आहे का? माझ्या मते चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या भल्याभल्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांकडे इतका झणझणीत शेवट नाही. वुड आणि सहलेखक ॲलेक्स गॉर्डन यांच्या हातात हिरा होता. तो त्यांनी कसा वापरला ते वर लिहिलंच आहे. मला या सिनेमाची मजा येते ती याचमुळे. नुसता टाकाऊ सिनेमा दहा मिनिटांत कंटाळा आणतो. इथे आत काहीतरी जिवंत आहे आणि प्रत्येकजण मन लावून ते गाडायला बसलाय.

---

अर्धाचहा

‘गुन्हा चिकटवणाऱ्याचा’ हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! ऑफिसात वाचत होतो, बॉसने विचारलं काय झालं. म्हटलं, गगनचुंबी इमारत बांधणंही धोक्याचंच असतं.

---

मुपो_डोंबिवली

म्हणजे चेहऱ्यांच्या अदलाबदलीच्या ‘फेस/ऑफ’ सिनेमाचा खापरपणजोबा की हा. आपल्याकडेही प्लास्टिक सर्जरी हे फार वरच्या दर्जाचं शास्त्र आहे. मगरीच्या तोंडातून सुटलेली बाई पट्ट्या सोडल्यावर थेट मॉडेल होते आणि सख्खा नवरा ओळखत नाही. निदान या अमेरिकन डॉक्टरने ती गुंतागुंतीची असते एवढं तरी प्रांजळपणे मान्य केलं. आपले डॉक्टर चष्मा काढून फक्त ‘मुबारक हो’ म्हणतात.

---

टाकेवाला

धंद्याने याच खात्यातला असल्याने राहवत नाही.

कोच सोडून द्या, जुन्या काळात घरी शस्त्रक्रिया होत असत. भूल कोण देतंय, तोंडावर काम चालू असताना श्वासाची नळी कुठून घातली आहे, हेही सोडून द्या. मूळ अडचण अशी की चेहरा कातडीत नसतो, हाडांत असतो. गालफडं, जबडा, डोळ्यांच्या खोबणी, भुवयांवरचा उंचवटा. कातडी त्यावर बसते आणि जशी हाडं तशी दिसते. २००५ साली फ्रान्समध्ये पहिलं अंशतः चेहरा प्रत्यारोपण झालं तेव्हा लोकांना हीच धास्ती होती की मेलेल्या दात्याचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर फिरणार. तसं होत नाही. दात्याची अख्खी कातडी घेतली तरी घेणाऱ्याची हाडं स्वतःची असतात, त्यामुळे तिसरंच रूप तयार होतं. इथे तर डॉक्टरांकडे दात्याची कातडीही नाही. फक्त आठवण आहे.

शिवाय सूज. काही दिवसांत पट्ट्या सोडल्या तर खाली डॉन नव्हे, जांभळा भोपळा दिसेल. व्रण निवळायला वर्ष जातं. आणि पोलिसांनी बोटांचे ठसे घेतले तर बापाचा सगळा बदला पाच मिनिटांत फसला.

लेखकांच्या बाजूने एवढंच की तेव्हा आमच्या शास्त्राला मोठं वलय होतं. पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीजने इंग्लंडात तोफगोळ्यांनी उडालेले चेहरे पुन्हा उभे केले, दुसऱ्या महायुद्धात ते काम आणखी वाढलं. १९५० च्या सुमाराच्या प्रेक्षकाला सर्जन म्हणजे जादूगार वाटणं साहजिक होतं.

अवांतर: या विद्येचा एक धागा आपल्याकडे येतो. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक कापलं. ते नवं नाक बसवलं गेलं पुण्याकडे, एका देशी कारागिराच्या हातून. मेणाचा साचा करून कपाळावर ठेवायचा, त्या मापाची कातडी खाली वळवून नाकावर आणायची. ही हकिगत चित्रासह १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये लंडनला तसंच नाक करून दाखवलं. कपाळाची ती कातडी आम्ही आजही वापरतो.

---

मुपो_डोंबिवली

बघा, हॉलिवुडच्या टुकार सिनेमाच्या धाग्यावरही पुणेकरांनी नाक खुपसलंच.

---

टाकेवाला

आमचंच होतं, आम्हीच बसवलेलं.

---

अर्धाचहा

आजचा दिवस डॉक्टरांचा. _/\_

---

न्यूजर्सीची_काकू

पडदानशीन, एक मोठा भाग तू गाळलास आणि तो मुद्दाम गाळलास की काय कळेना. दरोड्याच्या आधी मॉन्टेरे थिएटरच्या रंगमंचावर एक नाटुकलं चालू असतं. गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करायची, ती मिन्स्ट्रेल पद्धत. ते बराच वेळ चालतं. कथेशी काडीचा संबंध नाही. तिथे माझं हसू थांबलं. बाकी सिनेमाचा गबाळेपणा निरुपद्रवी आहे, हा तुकडा तसा नाही.

कारण शोधलं तर तेही गिटारसारखंच निघालं. हे वुडने चित्रितच केलेलं नाही. रॉन ऑर्मंडच्या १९५१ च्या ‘यस सर, मिस्टर बोन्स’ या मिन्स्ट्रेल सिनेमातला तयार तुकडा कापून घातलाय. महाकाय कोळ्यांचा तो भीतिपटही याच ऑर्मंडच्या हातचा. आणि ‘जेल बेट’ वितरित करणारी हॉवको ही दक्षिणेकडच्या थिएटरमालकांची कंपनी. त्यांच्या गावांत, त्यांच्या गोऱ्या प्रेक्षकांपुढे हे तेव्हा खपत होतं. इथे आमच्या वाचनालयात जुन्या सिनेमांचा गट आहे, तिथे असा तुकडा आला की दाखवणारे आधी दोन शब्द बोलतात, तुकडा कापत नाहीत. मला ते पटतं.

---

पडदानशीन

काकू, मुद्दामच गाळलं होतं. चेष्टेच्या लेखात ते कुठल्या सुरात लिहावं ते कळेना. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

---

चौथी_घंटा

हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं गेली, त्या नजरेने बघितला. दोन गोष्टी.

पहिली. सगळे जण सतत कोचावर बसून का बोलतात? कारण पैसे. दृश्य वेगवेगळ्या बाजूंनी घ्यायचं तर दिवे हलवावे लागतात, दिवे हलवले की वेळ जातो. मग कॅमेरा एका जागी ठोकायचा, नटांना ओळीत बसवायचं आणि पान संपेपर्यंत बोलायला लावायचं. एखादा अडखळला तरी पुढे चला. गाड्यांची लांबलचक दृश्यंही त्यासाठीच. सिनेमा कसाबसा सत्तर मिनिटांवर न्यायचाय. राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत हे आम्ही सगळ्यांनी केलंय, फक्त आमचा पुरावा कुणी जपून ठेवलेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हर्बर्ट रॉलिन्सन. डॉक्टरांचं काम करणारे. मूकपटांच्या काळातले हे मोठे नट, जन्म १८८५ चा. या सिनेमाच्या वेळी फुप्फुसाचा कर्करोग झालेला. काम आटोपल्यावर लगोलग, १२ जुलै १९५३ ला, गेले. प्लास्टिक सर्जरी गुंतागुंतीची वाटते हे वाक्य म्हणताना त्यांना लागलेली धाप अभिनयाची नाही. हे कळल्यावर मी सिनेमा पुन्हा लावला. तुम्ही लिहिलंय की प्रेत दिसल्यावर ते काही बोलत नाहीत, परत येतात आणि काम पुरं करतात. ते एका ओळीत उरकलंत. मला विचाराल तर सगळ्या सिनेमात खरा अभिनय तेवढाच आहे. इतर कुणी असता तर छाती पिटली असती. आणि वुडनेही तिथे, चुकून का होईना, त्यांना मोकळं सोडलंय.

बापाच्या त्या सूडात आणखी एक गोम आहे. खुन्याला मुलाचा चेहरा द्यायचा म्हणजे तो चेहरा स्वतःच्या हातांनी पुन्हा घडवायचा, पट्ट्या सोडून एकदा जिवंत बघायचा आणि पोलिसांच्या पुढे करायचा. मुलगा दुसऱ्यांदा मरतो तो बापासमोर, बापाच्याच योजनेने. पटकथा लिहिणाऱ्यांच्या हे डोक्यात होतं की नाही, देव जाणे. पडद्यावर यातलं काहीच येत नाही, कारण गोळी लागून माणूस तलावात पडला की सगळ्यांना घरी जायची घाई आहे.

---

मुद्देसूद

लेख खुसखुशीत, पण मला या प्रकाराचा नेहमी त्रास होतो. माणूस दारिद्र्यात मेला. त्याच्याकडे पैसे नव्हते, वेळ नव्हता, आजारी नट घेऊन, उसनं संगीत लावून त्याने सिनेमा पुरा केला. आपण वायफायवर फुकट बघून त्याच्या संवादांवर हसणार. चौथी_घंटा यांचा प्रतिसाद वाचल्यावर तर आणखीच नको वाटतं.

---

पडदानशीन

मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य. पैशांची चणचण गिटार समजावून सांगते, कोच समजावून सांगते. गगनचुंबी इमारत समजावून सांगत नाही. ते वाक्य लिहायला दमडी लागली नाही आणि ते बदलायलाही लागली नसती. मी त्याच्या गरिबीला हसत नाही, त्याच्या कानाला हसतो. माणसं कशी बोलतात ते त्या कानाला ऐकूच येत नव्हतं.

आणि त्याच कानामुळे त्याचे संवाद लक्षात राहतात. त्या वर्षी निघालेल्या शंभर नीटनेटक्या गुन्हेपटांतलं एक वाक्य कुणाला आठवतंय? मुद्दाम वाईट केलेले सिनेमे हल्ली ढिगाने येतात. त्यांतला नट प्रेक्षकाकडे बघून डोळा मारतो आणि मजा तिथेच मरते. वुड डोळा मारत नाही. त्याला खरोखर वाटतंय की आपण थोर गुन्हेपट काढतोय.

---

मुद्देसूद

कान आणि खिसा वेगळे करणं पटलं. डोळा मारण्याबद्दलही सहमत. तरी त्या डॉक्टरांच्या धापेवर मी हसणार नाही.

---

चौथी_घंटा

त्यावर कुणीच हसू नये.

---

बाल्कनीतला_बाळू

कलाकारांची थोडी पुढची खबर, कुणाला रस असेल तर.

बहिणीचं काम करणारी डोलोरेस फुलर तेव्हा वुडची प्रेयसी होती. अभिनय यथातथाच, पण बाई पुढे गीतकार झाली आणि थेट एल्व्हिस प्रेस्लीसाठी गाणी लिहिली. ‘ब्लू हवाई’ मधलं ‘रॉक-अ-हुला बेबी’ लिहिणाऱ्यांत ती आहे.

इन्स्पेक्टर झालेला लाइल टॅलबट हा पडद्यावरचा पहिला लेक्स लूथर, म्हणजे सुपरमॅनचा वैरी, १९५० च्या सुपरमॅन मालिकापटात. आणि सगळ्यांत भारी गुंड व्हिक, म्हणजे टिमथी फॅरेल. सिनेमांतलं काम त्याचा जोडधंदा. नोकरी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात, बेलिफाची. दिवसा आरोपींवर लक्ष ठेवायचं, फावल्या वेळात कॅमेऱ्यापुढे दरोडे घालायचे.

---

अर्धाचहा

बेलिफ! म्हणजे कोर्टातल्या एखाद्या आरोपीने रविवारी सिनेमा बघितला असेल तर सोमवारी त्याची काय अवस्था झाली असेल?

---

मुपो_डोंबिवली

काल रात्री बघितला. बायकोने पंधराव्या मिनिटाला विचारलं की हे दोघं त्याच कोचावर अजून किती बोलणार आहेत. विसाव्याला झोपली. मला शेवटपर्यंत एकच प्रश्न पडला होता. व्हिक केवढा आडदांड, मिशीवाला. डॉन काडीपैलवान. पट्ट्या सुटल्यावर खाली सरळ डॉनचाच नट उभा. डॉक्टर, चेहऱ्याबरोबर खांदे पण आत घेता येतात का तुमच्याकडे?

---

टाकेवाला

घेता येतात. फक्त कोच थोडा मोठा लागतो.

---

न्यूजर्सीची_काकू

त्या मिस विलिसचं पुढे काय होतं ते कुणीच लिहिलं नाही. पोर गोळी खाऊन पडली आणि धागा पुढे गेला.

---

पडदानशीन

वाचते, काकू. जिवंत साक्षीदार उरली म्हणूनच तर व्हिकला चेहरा बदलायची घाई होते. ती झालेली मोना मॅकिनन पुढे वुडच्याच ‘प्लॅन नाइन’ या सिनेमामध्ये नायकाची बायको आहे. तिथे तिच्यामागे थडग्यातून उठलेली मढी लागतात.

पुढचा धागा १९६० च्या ‘द सिनिस्टर अर्ज’वर टाकतो. तोही वुडचाच, तोही पोलिसांचाच. तोवर ज्यांनी बघितला नाही त्यांनी बघून घ्या, म्हणजे नंतर रहस्यभंगावरून भांडण नको.